सालीवरचा करडा डाग आणि हवेची नोंद

जुन्या आंब्याचे खोड जवळून पाहिले, की त्याच्या सालीवर करड्या-पांढऱ्या रंगाचे, साधारण गोलसर डाग दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, कुणी चुन्याचे बोट पुसले असावे, नाहीतर झाडाला काही रोग झाला असावा. दोन्ही समज चुकीचे आहेत. तो डाग म्हणजे एक सजीव आहे आणि तो झाडाच्या जिवावर जगत नाही. साल ही त्याची फक्त बसायची जागा. अन्न तो स्वतः तयार करतो. पाणी आणि क्षार पावसातून, दवातून व हवेतल्या धुळीतून घेतो. अशा सजीवांना मराठीत शैवाक म्हणतात. शैवाल आणि कवक हे दोन शब्द जोडून हे नाव तयार झाले आहे. ते किती नेमके आहे, हे पुढे कळेलच.

शैवाके आपल्याला अगदीच अनोळखी नाहीत. सोलापूरच्या बाजारात काळ्या मसाल्याचे सामान घ्यायला गेले, की धणे, मिरी, नागकेशर यांच्याबरोबर दगडफूलही पुडीत बांधून मिळते. दगडफूल हे शैवाकच. नावात दगड असला तरी बाजारात येणारे बरेचसे दगडफूल डोंगराळ, दमट भागातल्या झाडांच्या सालीवरून काढलेले असते. सोलापूरच्या मसाल्यात ते हमखास पडते, पण सोलापूरच्या कोरड्या हवेत ते वाढत नाही.

यावर शिक्षक हमखास विचारतात, की मग आमच्या मुलांना शैवाके दाखवायची कुठून? आमच्याकडे ना जंगल, ना धुके! प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोलापूरला त्याच्या सातव्या हिश्श्याएवढाही पडत नाही. तरीही देशातल्या कोरड्या, मैदानी मुलखात शैवाके असतात. ती दगडफुलासारखी झालरदार नसतात, तर सालीला घट्ट चिकटलेली आणि लहान असतात. त्यांपैकीच एका जातीची हकिगत आम्ही येथे सांगणार आहोत. तिचे शास्त्रीय नाव पिक्सिनी कोकोएस. उष्ण कटिबंधातल्या बहुतेक सगळ्या प्रदेशांत ती सापडते. भारतात मैदानी भागातल्या आंब्याच्या खोडावर ती विशेषेकरून आढळते. तिचा इतिहास सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यात आजच्या सोलापूरकरांच्या कामाचे काहीतरी आहे.

नारळाच्या खोडावरून कागदावर

स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ साली वनस्पतींच्या नामकरणाचा पाया घातला. फुलझाडांकडे त्याने जेवढे लक्ष दिले तेवढे शैवाकांकडे दिले नाही. त्याला माहीत असलेली सगळी शैवाके त्याने 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबली. ओलॉफ स्वार्ट्झ हा त्याच देशाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १७८३ मध्ये प्रवासाला निघाला आणि वेस्ट इंडिज बेटांवर त्याने भरपूर नमुने गोळा केले. परतल्यावर १७८८ साली त्याने नव्या जातींची वर्णने छापली. त्यांतच 'लायकेन कोकोएस' हे नाव होते. कोकोएस म्हणजे नारळाशी संबंधित. आपल्या या करड्या डागाचा छापील कागदावरचा तो पहिला जन्म.

एकाच प्रजातीत शेकडो जाती कोंबल्या, की ओळख पटवणे अशक्य होते. ही अडचण एरिक अकॅरियस याने सोडवली. लिनिअसच्या हाताखाली प्रबंध लिहिणारा हा शेवटचा विद्यार्थी. पेशाने तो डॉक्टर होता. १८०३ ते १८१४ या काळात त्याने शैवाकांवर एकामागून एक ग्रंथ लिहिले, त्यांची वेगवेगळ्या प्रजातींत विभागणी केली आणि त्यांच्या अवयवांना नावे दिली. आज पाठ्यपुस्तकांत शैवाकांच्या शरीररचनेचे जे शब्द येतात, त्यांतले बरेचसे त्याचे आहेत. पुढे १८२५ मध्ये एलियास फ्रीस याने पिक्सिनी ही प्रजाती स्थापन केली, आणि १८५७ मध्ये विल्यम नायलँडर याने स्वार्ट्झच्या जातीला त्या प्रजातीत आणून बसवले. तेव्हापासून तिचे नाव पिक्सिनी कोकोएस.

नायलँडर हे नाव लक्षात ठेवावे. हा माणूस आपल्या गोष्टीत आणखी तीनदा भेटणार आहे.

एक की दोन?

नायलँडर फिनलंडचा. वैद्यकाचे शिक्षण घेतलेला, पण आयुष्य शैवाकांना वाहिलेला. १८६३ पासून तो पॅरिसमध्ये स्थायिक झाला. १८६६ साली त्याने एक साधी पण फार उपयोगी युक्ती प्रसिद्ध केली. शैवाकावर कॉस्टिक पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि रंग बदलतो का ते पाहायचे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन जातींत एक लाल होते, दुसरी होत नाही. याचे कारण शैवाके आपल्या शरीरात निरनिराळी रसायने साठवतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असणाऱ्या दोन द्रव्यांच्या जोरावर ही युक्ती आजही जगभर वापरली जाते.

मात्र पुढच्याच वर्षी हाच नायलँडर एका मोठ्या वादात चुकीच्या बाजूला उभा राहिला. १८६७ मध्ये सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने जाहीर केले, की शैवाक हा एक सजीव नाहीच. ती कवक आणि शैवाल यांची जोडी आहे. कवकाचे तंतू घर बांधतात, आणि त्या घरात राहणाऱ्या हिरव्या पेशी सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात. श्वेंडनरने कवकाला मालक आणि शैवालाला गुलाम म्हटले होते. शैवाकतज्ज्ञांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. आयुष्यभर ज्यांना आपण स्वतंत्र वनस्पती म्हणून नावे दिली, त्या दोन वेगळ्या सजीवांच्या जोड्या निघाव्यात, हे त्यांना पटेना. नायलँडर तर शेवटपर्यंत विरोधातच राहिला. त्या हिरव्या पेशी शैवाकाच्या शरीरातच तयार होतात, असे त्याचे म्हणणे होते.

पुराव्यांनी श्वेंडनरचे म्हणणे खरे ठरवले. आता 'मालक-गुलाम' ही उपमा मागे पडली आहे. १८७७-७८ मध्ये फ्रांक आणि द बारी या जर्मन शास्त्रज्ञांनी अशा एकत्र राहण्यासाठी जो शब्द रूढ केला, त्याला आपण सहजीवन म्हणतो. पाठ्यपुस्तकातील सहजीवनाच्या धड्यात शैवाकांचे उदाहरण असते, त्यामागे हा इतिहास आहे. पिक्सिनीचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर वर कवकाचे दाट आवरण, त्याखाली ट्रेबूक्सिया या हिरव्या शैवालाच्या गोल पेशींचा थर आणि त्याखाली सैल तंतूंचा थर दिसतो. २०१६ मध्ये तर काही शैवाकांच्या वरच्या आवरणात यीस्टसारखे दुसरे कवकही सापडले. म्हणजे जोडीचा हिशोबही काही ठिकाणी अपुरा पडतो.

धुराचे साक्षीदार

सूत गिरण्यांचे शहर म्हटले, की इंग्लंडमधील मँचेस्टरचे नाव निघते. तेथील वनस्पतींवर लिओ ग्रिंडन याने १८५९ साली पुस्तक लिहिले. त्यात त्याने नमूद केले, की परिसरातली शैवाके कमी होत चालली आहेत आणि कारखान्यांचा धूर हे त्याचे एक कारण आहे. सात वर्षांनी, १८६६ मध्ये, नायलँडरने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांची यादी प्रसिद्ध केली. शहरात इतरत्र ती जवळपास नाहीशी झाली होती. या बागेत मात्र त्याला तिसाच्या आसपास जाती मिळाल्या. त्यावरून त्याने सांगितले, की शैवाके ही हवेच्या आरोग्याची मोजपट्टी आहेत.

असे का व्हावे? आंब्याच्या पानावर मेणचट थर असतो; शैवाकावर तो नसतो. मुळे नसल्याने त्याला जमिनीतून काही मिळत नाही. पावसाच्या आणि दवाच्या पाण्यात जे काही विरघळलेले असेल, ते त्याच्या सर्वांगातून आत जाते. कोळशाच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो. तो ओल्या शैवाकात शिरून आम्ल तयार करतो आणि शैवालाच्या पेशींमधल्या हरितद्रव्याचा नाश होतो. अन्न तयार करणारा भागीदार मेला, की कवकही टिकत नाही. झाड दरवर्षी पाने गाळून नवी आणते. शैवाकाला तशी सोय नाही. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारे ते शरीर वर्षानुवर्षे तेच असते आणि आलेले सगळे साठवत राहते.

१८९६ मध्ये नायलँडरने पुन्हा लिहिले. त्या वेळी लक्झेंबर्ग बागेतली शैवाके नाहीशी झाली होती. तीन वर्षांनी तोही गेला. पुढे १९२६ मध्ये सेर्नांडर याने स्टॉकहोम शहराच्या मध्यभागाला 'शैवाकांचे वाळवंट' म्हटले. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड व वेल्ससाठी सालीवरच्या शैवाकांवरून हवेतील सल्फर डायऑक्साइड अजमावण्याची दहा पायऱ्यांची पट्टी तयार केली. त्यानंतर युरोपातल्या शहरांची हवा सुधारली. १९९१ मध्ये सीवर्ड आणि लत्रुई-गालिनू यांनी कळवले, की जवळजवळ शतकभराने लक्झेंबर्ग बागेत शैवाके परत आली आहेत.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. १८९६ च्या रिकाम्या सालींना अर्थ कशामुळे आला? १८६६ ची यादी हाताशी होती म्हणून. ती नसती, तर या झाडांवर शैवाके कधी नव्हतीच, असे कुणीही म्हटले असते. १९९१ मध्ये शैवाके 'परत' आली, असे म्हणता आले तेही त्या यादीमुळेच. नायलँडर शैवाकांच्या स्वरूपाबद्दल साफ चुकला होता. पण त्याने प्रामाणिकपणे केलेली नोंद सव्वाशे वर्षांनीही उपयोगी पडली. वाद कोण जिंकले हे बाजूला ठेवले, तरी नोंद उरते.

भारतातील काम

भारतीय शैवाकांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला तो लखनौच्या डॉ. धरणीधर अवस्थी (१९२२-२०११) यांनी. भारतातल्या पिक्सिनी प्रजातीचा आढावाही त्यांनीच घेतला. १९८८ आणि १९९१ मध्ये त्यांनी शैवाके ओळखण्यासाठी तयार केलेल्या सूची आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतात. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत झाले. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या प्रयोगशाळेचे नाव १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था असे आहे. तेथे डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सालीवरच्या सूक्ष्म शैवाकांवर अनेक वर्षे काम केले. त्यांत लिपीशैवाकेही होती. सालीवर कुणी बारीक काळ्या शाईने अगम्य अक्षरे काढावीत, तशी ती दिसतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीत भारतातल्या सुमारे २,३०० जातींची नोंद आहे.

स्वाभाविकच संग्राहकांचा ओढा सह्याद्री, हिमालय, अंदमान अशा ओल्या प्रदेशांकडे होता. जिथे जाती जास्त, तिथे अभ्यासक जास्त. मैदानातल्या मोजक्या, चिवट जातींचे महत्त्व वाढले ते प्रदूषणाचा प्रश्न पुढे आल्यावर. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यासाठी पिक्सिनी कोकोएसची निवड केली. ती धूळ आणि धूर बरीच सहन करते, म्हणून शहरातही मिळते, आणि धातूंचे अंश साठवून ठेवते. उत्तर प्रदेशात रायबरेली जिल्ह्यातील कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातून त्यांनी शैवाके गोळा केली, त्यांतील धातूंचे आणि हरितद्रव्याचे प्रमाण मोजले, आणि २०१० मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. महागड्या यंत्राला वीज लागते, देखरेख लागते. झाडावरचे शैवाक हे काम वर्षानुवर्षे फुकट करत असते.

सोलापूरच्या सालींवर काय लिहिले आहे?

सोलापुरात पहिली सूत गिरणी १८७० च्या दशकात उभी राहिली. म्हणजे नायलँडरची यादी छापून झाल्यावर थोड्याच वर्षांनी. पुढे गिरण्या वाढल्या, कोळशाचा धूर वाढला, भोंग्यांवर शहराचे घड्याळ चालू लागले. नंतर गिरण्या बंद पडल्या. मँचेस्टरच्या ग्रिंडनसारखी एखाद्या शिक्षकाने त्या वर्षांत सिद्धेश्वर तलावाच्या परिसरातल्या झाडांची सालवार यादी करून ठेवली असती, तर धूर असतानाचे आणि धूर गेल्यानंतरचे सोलापूर आपल्याला ताडून पाहता आले असते.

आता शहराची हवा वेगळ्या कारणांनी बदलते आहे. वाहने वाढली आहेत, बांधकामे चालू आहेत. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. त्याचा पहिला संच २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये सुरू झाला. २०१९ मध्येच केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला. हवेची राष्ट्रीय मानके न गाठणाऱ्या शहरांच्या त्यातील यादीत सोलापूरचे नाव आहे. दुसरीकडे, रस्ते रुंद करताना कडेची जुनी झाडे तोडली जातात. झाड गेले, की त्याच्या सालीवर अनेक वर्षे साचलेली नोंदही जाते. नवे रोप लावून सावली परत मिळते. साल खडबडीत होऊन तिच्यावर शैवाक बसायला मात्र पुष्कळ वर्षे लागतात.

पण घाईने निष्कर्ष काढू नये. सोलापुरातल्या एखाद्या खोडावर शैवाक दिसले नाही, तर त्याचे कारण प्रदूषण असेल, कोरडी हवा असेल, किंवा झाडाची साल गळून पडणारी असेल. उलट, पिक्सिनी दिसली म्हणजे हवा शुद्ध आहे असेही नाही. ती सोशीक जात आहे. युरोपातली दहा पायऱ्यांची पट्टी येथे चालणार नाही. तेथील जाती वेगळ्या, हवामान वेगळे, आणि आपल्याकडे धुळीचा वाटा मोठा. एका वेळच्या पाहणीतून फार थोडे कळते. तीच झाडे पुन्हा पुन्हा पाहिली तरच बदल दिसतो, आणि बदल हाच खरा पुरावा.

शाळेने काय करावे?

या कामाला फार खर्च नाही. शाळेच्या आसपासची खडबडीत सालीची दहा जुनी झाडे निवडावीत. आंबा असल्यास उत्तम. प्रत्येक झाडाची जागा नकाशावर दाखवून त्याला क्रमांक द्यावा. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, खोडाच्या चारही बाजूंना, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर एक सेंटिमीटरचे चौकोन आखून ते सालीवर धरावे. किती चौकोनांत शैवाक आहे ते मोजावे, बाह्यरेषा काढून घ्याव्यात, छायाचित्र काढून तारीख लिहावी. हातभिंगातून पाहिल्यास पिक्सिनी कोकोएसच्या अरुंद, कडेकडे पसरत जाणाऱ्या पाकळ्या आणि त्यांच्या कडांवरची भुकटी दिसते. या भुकटीच्या कणाकणात कवक व शैवाल दोन्ही असतात, आणि त्यांतूनच नवे शैवाक उगवते.

ओळख पटवायला आणखी एक गंमत आहे. नोटा तपासायचा जांभळा दिवा संध्याकाळी या शैवाकावर धरला, तर ते पिवळे चमकते. लायकेक्झँथोन या रसायनामुळे असे होते. ते इतरही काही शैवाकांत असते, म्हणून एवढ्यावरून नाव नक्की करू नये. नमुना जाणकाराला दाखवावा. दिव्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आधीच बजावावे. आणि नमुन्यासाठी नखाएवढा तुकडा पुरतो. खोड खरवडू नये. जे खरवडले ते भरून यायला मुलांचे सगळे शालेय आयुष्य जाईल.

पहिल्या वर्षी काहीच बदल दिसणार नाही, दुसऱ्या वर्षीही कदाचित नाही. आकडे मोजणारी मुले दहावी होऊन बाहेर पडतील, शिक्षकांच्या बदल्या होतील. म्हणून ही वही एखाद्या मुलाची किंवा शिक्षकाची नसावी, शाळेची असावी. हजेरीपट जसा जपतो तशी ती जपावी आणि दर जानेवारीत नव्या वर्गाच्या हाती द्यावी. पॅरिसच्या बागेत दुसरी नोंद व्हायला तीस वर्षे लागली होती. सोलापुरात पहिली यादी करायला मात्र एक सकाळ पुरेल, आणि ती झाडे उभी आहेत तोवरच करता येईल.